मुका झालेला ट्रंपेट

१

पिपाणीने ट्रंपेट ओठांना लावला, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकला. आवाज आला नाही.

आला नाही म्हणजे बेसूर आला किंवा फाटका आला असं नव्हे, आलाच नाही. तिचे गाल फुगले, मानेची शीर ताठ झाली आणि ट्रंपेट ढिम्म. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, म्हणून शपथेवर सांगू शकतो.

आमच्या शहराच्या बँडमध्ये मी मोठा ढोल बडवतो. 'वाजवतो' म्हणायची सोय नाही, कारण आमच्या हिच्या मते ज्यातून सूर निघत नाही ते वाजवणं नव्हेच. निवडीच्या दिवशी ढोलाला काही काम नसतं. म्हणून उमेदवारांची वाद्यं कोठारातून आणायची, त्यांना पडद्यामागे उभं करायचं आणि वाद्य त्यांच्या हातात द्यायचं, ही हमाली माझ्याकडे असते. पडद्याच्या पलीकडे तीन परीक्षक बसतात. कोण वाजवतंय ते त्यांना दिसू नये, फक्त ऐकू यावं, यासाठी तो पडदा. नातंगोतं, ओळखपाळख, वशिला सगळं अलीकडेच अडतं.

जागा पहिल्या खुर्चीची होती. ट्रंपेटची पहिली खुर्ची म्हणजे बँडचं नाक. तिच्यावर पिपाणीचे वडील शेवटच्या आजारापर्यंत बसले, आणि आम्ही सगळे त्यांना 'पहिला' याच नावाने ओळखायचो. लेक चालायच्या आधी फुंकायला शिकली म्हणून त्यांनीच तिला पिपाणी म्हणायला सुरुवात केली होती. ते गेले, त्यांचा ट्रंपेट लेकीकडे आला, आणि आज तोच घेऊन ती त्यांच्या खुर्चीसाठी उभी होती. प्रत्येकाला पाळी एकच मिळते. चुकलात तर घरी जा.

"सुरू करा," पलीकडून बँडमास्तर म्हणाले.

पिपाणीने पुन्हा फुंकलं. काही नाही. तिने क्षणभर ट्रंपेटकडे पाहिलं, वरची तिन्ही झाकणं फटाफट फिरवली, आतले तिन्ही दट्टे अर्धे अर्धे वळवले आणि झाकणं घट्ट केली. या वेळी सूर निघाला. असा निघाला की माझ्या अंगावर काटा आला, कारण तो अगदी तिच्या बापाचा होता. पण जेमतेम दोन ओळी झाल्या असतील. मधला दट्ट्या खाली गेला तो वर येईना. मग तिसरा अडकला. सूर तिथल्या तिथे मोडला.

परीक्षक पडद्याआड आले. मास्तरांनी तिला दट्टे बाहेर काढायला लावले. त्यांच्यावर राखाडी लगदा चिकटला होता.

"पितळ घासायची पेस्ट," मास्तर खेदाने म्हणाले. "काल संध्याकाळी सगळ्यांच्या देखत तूच घासत होतीस ना? आत जाऊ दिलीस. आता दट्टे ओरबाडले गेले. हा ट्रंपेट संपला, पोरी."

"मी फक्त बाहेरून घासला," पिपाणी म्हणाली. "आत कणभरही गेली नव्हती."

"मग कुणी घातली?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या कडक आहेत, पण खोट्या नाहीत. "कुणीतरी मुद्दाम केलं हे उद्या सकाळपर्यंत दाखवून दे. दुसरी पाळी देते. नाही दाखवलंस, तर खुर्ची दुसऱ्या खुर्चीवरच्या दुय्यमला जाईल."

पिपाणी रडली नाही. तिने दट्टे रुमालात गुंडाळले आणि माझ्याकडे वळली.

"काका, तुमची मेहुणी सध्या तुमच्याकडेच आलीय ना?"

२

माझी मेहुणी पोलिसात आहे. घरात सगळे तिला फौजदार म्हणतात आणि तिला ते आवडतं. चार दिवस विश्रांतीला म्हणून बहिणीकडे आली होती, आणि विश्रांती अशी चालली होती की आमच्या शेजाऱ्यांच्या पायपुसण्या कोण चोरतं त्याचा तिने छडा लावला होता. तपासात तिचा हात कुणी धरणार नाही. सुरांच्या बाबतीत मात्र ठार बहिरी. दाराची घंटा आणि कुकरची शिट्टी यांतला फरक तिला वासाने कळतो.

"दाजी, तुम्ही मध्ये बोलू नका," मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली. "पिपाणी, हे यंत्र चालतं कसं ते मला सांग. मी ढ आहे असं समजून सांग."

पिपाणीने ट्रंपेटचा पुढचा लहानसा पेला, माऊथपीस, काढला आणि नुसता तो ओठांना लावून फुंकला. चिडलेल्या भुंग्यासारखा आवाज आला.

"हा आवाज ओठांचा आहे, मावशी. ओठ थरथरतात. बाकी सगळी नळी. ती फक्त तो आवाज मोठा करते, घडवते. नळीची लांबी तीच राहिली तर ओठ आवळून, सैल सोडून ठरावीक सूरच निघतात. मधले सूर हवे असतील तर नळी लांब करावी लागते. त्यासाठी हे दट्टे. प्रत्येक दट्ट्याला आरपार भोकं आहेत. दाबला की हवा जादा नळीतून वळसा घालून जाते."

"आणि भोकं जागेवर नसली तर?"

"तर हवेला वाटच नाही. फुंकत बसा."

फौजदार थांबली. "सकाळी तसंच झालं?"

"हो. दट्टे फिरलेले होते. म्हणून मी वळवले. घाई होती, मागचा पुढचा विचारच केला नाही. पेस्टची खरखर हाताला लागली, पण पाळी एकच होती."

"कुठला दट्ट्या फिरला होता?"

"तिन्ही."

"कसेही?"

पिपाणीने दट्टे टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकाच्या अंगावर एक, दोन, तीन असे आकडे कोरलेले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिचा आवाजच बदलला.

"नाही. कसेही नव्हते. एक, दोन, तीन, आपापल्या घरात बरोबर होते. फक्त तिघांचेही आकडे माझ्याकडे होते, माऊथपीसकडे. या ट्रंपेटमध्ये आकडे पुढे, कर्ण्याच्या बाजूला ठेवावे लागतात. जुना आहे, खाच दोन्ही बाजूंना सारखी आहे, त्यामुळे उलटे घातले तरी बसतात. मी रोज तेल घालते, माझ्या हातून हे होणं शक्य नाही. पण..."

"पण काय?"

"आजकालच्या बहुतेक ट्रंपेटमध्ये आकडे माऊथपीसकडेच असतात."

आमची ही हातात चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. फौजदार उठून उभी राहिली.

"म्हणजे हा ट्रंपेट ज्याने उघडला त्याचा हात सरावाचा आहे," ती म्हणाली. "फक्त या ट्रंपेटवर नाही. ही गोष्ट तू बाहेर कुणाला सांगितलीस?"

"नाही. पडद्यामागे फक्त काका होते."

दोघी माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, मला सांगण्यासारखं काही कळलंच नव्हतं, तर सांगणार काय? पहिल्यांदाच माझ्या अज्ञानाचं कुणीतरी कौतुक केलं.

३

कोठार म्हणजे तालमीच्या हॉलमागची लांबट खोली. दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर पेट्या, आणि दाराशी कोठारकाकांचं टेबल. निवडीच्या आदल्या संध्याकाळी सगळी वाद्यं तिथे जमा होतात. कुणी ऐनवेळी उसनं वाद्य आणू नये म्हणून आमच्याकडे ही पद्धत आहे. पेस्टचा डबा खिडकीत, सगळ्यांच्या हाताशी.

कोठारकाका फौजदारला बघून इतके घाबरले की बसायला सांगताना स्वतःच बसले.

"किल्ली माझ्याकडे, बाई. दुसरी मास्तरांकडे. सगळे गेल्यावर मी कुलूप घातलं आणि सकाळी मीच काढलं. ढोलवाल्यांनी पेट्या नेल्या."

"जमा झाल्यापासून कुलूप घालेपर्यंत आत कोण आलं?"

"दुय्यम आला होता. मफलर विसरला म्हणाला. मी दाराशीच होतो. आत गेला, लगेच आला."

"मफलर होता हातात?"

"गळ्यात होता."

मी फौजदारकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"काका, तुम्ही ट्रंपेट उघडून साफ करता?"

"छे छे! मी पुसतो फक्त. आतलं वाजवणाऱ्यांनी बघायचं. एकदा उघडला होता एक, तर एक स्प्रिंग उडून कुठे गेली ती गेलीच. आजतागायत सापडली नाही. तेव्हापासून कानाला खडा."

"आणखी कोण आलं?"

"आणखी कुणी नाही."

"नीट आठवा."

"नाही ओ. मास्तर येऊन गेले कुलूप बघायला, पण ते रोजच येतात. त्यांना कुणी मोजतं का?"

फौजदारने मान हलवली आणि आम्ही बाहेर पडलो. व्हरांड्यात दुय्यम उभा होता, भिंतीला टेकून, मफलर गळ्यात. तो आमचीच वाट बघत होता हे उघड होतं.

"माझ्याकडे शेवटी आलात," तो म्हणाला. "सगळा बँड सकाळपासून माझ्याकडेच बघतोय."

४

दुय्यम आम्हाला रिकाम्या हॉलमध्ये घेऊन गेला. माणूस मुळात आंबट, पण त्या दिवशी त्याच्या आंबटपणालाही धार होती.

"हो, मला पहिली खुर्ची हवीय," तो म्हणाला. "का नको असेल? दुसरीवर बसून बसून मी तिच्या आकाराचा झालोय. पण पिपाणीचा ट्रंपेट मी खराब केला, असं म्हणणाऱ्याचं थोबाड रंगवीन."

"आधी उत्तरं दे, मग रंगव," फौजदार म्हणाली. "मफलरसाठी आत गेलास. मफलर कुठे होता?"

"पेटीवर."

"एवढ्या वेळात तीन दट्टे काढून, पेस्ट लावून, परत घालता येतील?"

दुय्यम हसला. मग आपली पेटी उघडून स्वतःचा ट्रंपेट तिच्यापुढे धरला. तो आडवा धरायचा होता. दट्टे कुठेच नव्हते. त्यांच्या जागी तीन चपट्या डब्या आणि त्यांना चिकटलेले खटके.

"बघा. माझ्या ट्रंपेटला दट्टेच नाहीत. चक्रं आहेत. खटका दाबला की आत चक्र पाव वळसा फिरतं आणि हवा वळते. मी लहानपणापासून हाच वाजवतो. माझे गुरूही हाच वाजवायचे."

"दोन प्रकार कशाला?"

आता त्याला चेव चढला. "भांडण आहे ते, जुनं! आधी ट्रंपेट म्हणजे नुसती नळी होती. लढाईत इशारे द्यायला, राजा आला हे ओरडून सांगायला. चार-सहा सूर निघायचे, संपलं. मधले सूर मिळावेत म्हणून लोकांनी काय काय नाही केलं. नळीचे जादा तुकडे खिशात घेऊन फिरायचे, बाजाच्या अंगाला भोकं पाडून पाहिली. मग दोनेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी दट्टे बसवले, मागोमाग कुणीतरी चक्रं बसवली. तेव्हापासून दट्टेवाले म्हणतात आमचा आवाज चमकदार, चक्रंवाले म्हणतात आमचा गोल. पहिला आणि मी यावर रोज भांडायचो. आता भांडायला कुणी राहिलं नाही."

शेवटचं वाक्य त्याने खाली बघून म्हटलं, आणि मला त्याच्याबद्दल जे वाटत होतं त्याची लाज वाटली.

"त्यांचा ट्रंपेट कधी उघडून पाहिलास?" फौजदारने विचारलं.

"मी? दुसऱ्याच्या ट्रंपेटला बोट लावायचं नसतं, बाई. दुसऱ्याचा टूथब्रश तोंडात घालाल का? शेजारी बसूनसुद्धा एकमेकांचा ट्रंपेट आम्ही उघडून बघत नाही."

"हे सगळेच पाळतात?"

"सगळे. मास्तर तर याबाबतीत कट्टर. तेही याच दुसऱ्या खुर्चीवर बसायचे, पहिल्याच्या शेजारी. बँडमास्तरची काठी हातात घेण्याआधी."

फौजदार दाराकडे निघाली होती, ती थांबली.

"मास्तर ट्रंपेट वाजवायचे?"

५

मास्तरांची खोली नेहमीप्रमाणे टापटीप होती. कागद एका रेषेत, पेन्सिली टोकदार, खिडकी बंद. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि पिपाणीबद्दल इतक्या मायेने बोलले की मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

"गुणी मुलगी. पण घाई. बापाचा ट्रंपेट मिळाला म्हणजे बापाची खुर्ची मिळाली असं वाटलं तिला. मला वाईट वाटतंय हो. उद्या मलाच दुय्यमचं नाव वाचायचंय."

"तिच्या वडिलांच्या शेजारी तुम्ही बसायचात म्हणे."

"बसायचो. आम्ही दोघं एकाच दिवशी ट्रंपेट घ्यायला गेलो होतो. दुकानात दोनच होते." ते हसले. "तो आधी आत शिरला."

"आता वाजवता का कधी?"

"नाही, नाही. काठी हातात घेतली तेव्हा ट्रंपेट पेटीत गेला. किती वर्षं झाली, आठवतही नाही. बोटंसुद्धा विसरली असतील."

चहा आला. मास्तरांनी कप खाली ठेवला तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर, अगदी मधोमध, एक लालसर गोल वळ दिसला. चहा फार कढत असावा, असं मला वाटलं. माझ्या कपातला मात्र कोमट होता. मी तो तसाच पिऊन टाकला.

परत येताना मी फौजदारला म्हटलं, "आपण भलत्याच वाटेला लागलोय. मास्तरांना काय पडलंय? ते तर परीक्षक. नको असेल ती मुलगी, तर सरळ मत देऊ नये."

"पडद्यामुळे मत आवाजाला द्यावं लागतं, दाजी. आणि इतर दोघांचे कान शाबूत आहेत."

घरी पिपाणी आमच्या खिडकीशी उभी होती. ट्रंपेट वाजवण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून नुसत्या माऊथपीसवर सराव चालला होता, दुसरी पाळी मिळेलच अशा हट्टाने. आमची ही म्हणाली, दुपारपासून भुंगा चालू आहे, पोरगी जेवली सुद्धा नाही. पावलं ऐकून पिपाणीने माऊथपीस खाली घेतला आणि आमच्याकडे वळली.

फौजदार तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. पिपाणीच्या वरच्या ओठावर, अगदी मधोमध, एक लालसर गोल वळ होता.

"दाजी," फौजदार हळूच म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा. मला तो ट्रंपेट जोडून हवाय."

६

सकाळी हॉलमध्ये आम्ही मोजकेच होतो. अध्यक्षबाई, दुसरे परीक्षक असलेले क्लॅरिनेटवाले आजोबा, मास्तर, दुय्यम, कोठारकाका आणि मी. पिपाणीला फौजदारने बाहेर व्हरांड्यात थांबवलं होतं. टेबलावर पुसून स्वच्छ केलेला ट्रंपेट आणि शेजारी तीन सुटे दट्टे.

"मला हा पुरावा म्हणून न्यायचाय," फौजदार भोळा चेहरा करून म्हणाली. "सुटा नेला तर एखादा तुकडा हरवायचा. मला जमत नाहीय. कुणी जोडून देईल का?"

कोठारकाकांना तिने हातानेच पुढे केलं. बिचाऱ्यांनी तिसरा दट्ट्या पहिल्या घरात कोंबला आणि झाकण फिरवायला लागले. दुय्यमने तो काढून घेतला, आकडे वाचून घरं बरोबर लावली, पण दट्ट्याचं तोंड कुणीकडे करायचं यावर अडला. एक असा घातला, दुसरा तसा. तिसरा हातात फिरवत राहिला.

"अरे, आण इकडे!" मास्तरांना राहवेना. "ट्रंपेट आहे तो, पाण्याचा नळ नाही. यावर तुला पहिली खुर्ची हवीय?"

त्यांनी तिन्ही दट्टे काढले. मग अध्यक्षबाईंशी बोलत बोलत, हातांकडे न बघता, एकेक दट्ट्या सरकवला, किंचित फिरवला, खटकन बसवला, झाकण लावलं. आमची ही चपात्या लाटताना बोलते तशी सहजता. तिन्ही आकडे माऊथपीसकडे.

"हे घ्या," ते म्हणाले.

"बोटं विसरलेली नाहीत तर," फौजदार म्हणाली. "पिपाणी, आत ये. फुंक."

पिपाणीने फुंकलं. आवाज आला नाही.

फौजदारने तिला आणखी एकदा फुंकायला सांगितलं. पुन्हा काही नाही.

"काल सकाळी हा ट्रंपेट असाच मुका होता," फौजदार म्हणाली. तिचा भोळा चेहरा कुठल्या कुठे गेला होता. "पेस्टमुळे नाही. पेस्टने दट्टे अडकतात, हवा अडत नाही. तिन्ही दट्टे आपापल्या घरात होते, पण उलटे. पिपाणीने ते वळवले तेव्हा सूर निघाला. ती रोज हा उघडते, ती उलटे घालणार नाही. कोठारकाकांनी घातले असते तर घरं चुकली असती. दुय्यमने घातले असते तर एक सुलटा, एक उलटा असता. तिन्ही सारखे उलटे घालणारा माणूस असा हवा, की ज्याच्या स्वतःच्या ट्रंपेटचे आकडे माऊथपीसकडे असतात, ज्याला बघावंही लागत नाही, ज्याच्याकडे कोठाराची दुसरी किल्ली आहे, आणि ज्याने हा ट्रंपेट परवापर्यंत आयुष्यात कधी उघडलेला नव्हता. शेजारी बसूनसुद्धा."

"हे काय बोलताय तुम्ही!" मास्तर म्हणाले. "जुनी सवय असते. मी किती वर्षं..."

"काल तुमच्या ओठावर माऊथपीसचा वळ होता. तो वर्षानुवर्षं राहत नाही, तास-दोन तासांत जातो. खिडकी बंद करून तुम्ही अजून वाजवता. मग आम्हाला खोटं का सांगितलंत?"

मास्तर अध्यक्षबाईंकडे वळले, आजोबांकडे वळले, शेवटी माझ्याकडेसुद्धा. मी मान खाली घातली. ढोलवाल्याकडून त्यांना काय हवं होतं देव जाणे.

ते खुर्चीत बसले. बोटं एकमेकांत गुंतवली. बोलले तेव्हा आवाज शांत होता, आणि तेच मला जास्त वाईट वाटलं.

"दुकानात दोन होते. तो आधी शिरला आणि त्याने हा उचलला. पुढचं सगळं आयुष्य मी याच्या शेजारी बसून काढलं. माझे सूर त्याच्याइतकेच खरे होते. माझा श्वास त्याच्यापेक्षा लांब होता. आणि तरी लोक ऐकायचे ते याला. तो गेला तेव्हा वाटलं, सुटलो. आता हाच आवाज पुन्हा माझ्यासमोर, रोज? हिच्या हातून? त्या आवाजात हिचं काय होतं, आणि त्याचं तरी काय होतं? या पितळाचं होतं सगळं!"

"म्हणून दट्टे ओरबाडून टाकलेत," फौजदार म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली.

७

अध्यक्षबाईंनी आपला शब्द पाळला. दुसरी पाळी दिली, तीही तिथल्या तिथे. पण ट्रंपेट कुठला? दुय्यमने चक्रांचा पुढे केला, पण तो ऐनवेळी हातात बसणारा नव्हता. शेवटी कोठारकाका आतून एक घेऊन आले. नवशिक्यांना देतो तो, कर्ण्याला पोचा आलेला, रंग उडालेला.

"एवढाच मोकळा आहे," ते ओशाळून म्हणाले.

"चालेल," पिपाणी म्हणाली. तिने तो उघडून आतून तपासला, तेल घातलं, स्वतःचा माऊथपीस बसवला. अध्यक्षबाईंनी मास्तरांना बाहेर जायला सांगितलं, तशी ती म्हणाली, "त्यांना बसू द्या. आणि पडदा बाजूला करा."

"अगं, नियम..."

"पडदा कुणाला कळू नये म्हणून असतो. आता कळायचं काय राहिलंय?"

मी पडदा ओढला. पिपाणी मास्तरांच्या समोर, चार पावलांवर उभी राहिली आणि वाजवायला लागली.

पहिले एक-दोन सूर थंड बाजाचे, जरा घोगरे. मग बाजा तापला. आणि मग तो आला, ज्याच्यासाठी लोक हॉलबाहेर रस्त्यावर थांबायचे तो आवाज, टोकाशी किंचित भिजलेला, मध्ये उजेडाने भरलेला. पोचा आलेल्या, नवशिक्यांच्या त्या डबड्यातून. मला पहिला, माझा मित्र, आठवला आणि डोळे भरून आले, यात लपवण्यासारखं काही नाही.

"दाजी," फौजदारने माझ्या कानाशी विचारलं, "बरं वाजवतेय का?"

मी तिचा हात दाबला.

मास्तरांनी आधी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग बाजाकडे, मग तिच्या ओठांकडे. तिथून त्यांची नजर हलली नाही. चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. वाजवणं संपलं तेव्हा ते उठून उभे राहिले होते आणि हे त्यांना कळलंही नव्हतं.

"हा तर... हा तर कोठारातला आहे," ते म्हणाले.

"हो," पिपाणी म्हणाली.

टेबलावर तो जुना ट्रंपेट पडला होता, ज्याला त्यांनी जन्मभर जबाबदार धरलं आणि शेवटी मारून टाकलं. मास्तर त्याच्याकडे बघत पुन्हा खाली बसले.

आजोबांनी हात वर केला. अध्यक्षबाईंनी केला. दुय्यम परीक्षक नव्हता, तरी त्यानेही केला. "पहिली खुर्ची," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "मिळाली ना, पोरी? आता बाकीचं सोडून दे. म्हातारा माणूस आहे. झालं ते झालं."

पिपाणीने माऊथपीस पुसून खिशात ठेवला. कोठारातला बाजा काकांना परत दिला. मग टेबलावरचा बापाचा ट्रंपेट उचलला, छातीशी धरला आणि फौजदारच्या समोर येऊन बसली.

"खुर्ची माझी होती, ती मला मिळाली," ती म्हणाली. "ट्रंपेट बाबांचा होता, तो गेला. मावशी, माझी तक्रार लिहून घ्या."

फौजदारने पेन काढलं.